पंपाआधी पाइप

पंप किती पाणी देणार हे त्याच्या नेमप्लेटवर लिहिलेले असते, असे आपण धरून चालतो. नेमप्लेटवर असतो तो एकच बिंदू: इतक्या हेडला इतका प्रवाह. तोच पंप कारखान्यात बसला की प्रत्यक्षात कुठे चालणार, हे त्याला जोडलेली लाइन ठरवते. टाकी किती उंच आहे, पाइप किती इंची आहे, वाटेत बेंड किती, व्हॉल्व्ह किती, शेवटच्या टोकाला दाब किती हवा, या सगळ्याची बेरीज म्हणजे त्या लाइनची मागणी. प्रवाह वाढवावा तशी ही मागणी चढत जाते आणि पंप देऊ शकतो ते हेड उतरत जाते. हे दोन कर्व्ह जिथे एकमेकांना छेदतात तिथे पंप चालतो. हे पुस्तक त्या छेदबिंदूविषयी आहे. तो कुठे पडावा हे पंप मागवण्याआधी ठरवता येते, आणि ते ठरवण्यालाच मी डिझाइन म्हणतो.

नवा प्लान्ट उभा राहताना कामाचा क्रम कसा असतो ते पाहा. प्रोसेसवाले प्रवाहाचा आकडा देतात. पंप यायला महिने लागतात, म्हणून त्याची ऑर्डर आधी जाते. सिव्हिलवाले पाया ओततात, टाक्या आणि हीट एक्स्चेंजर आपापल्या जागी बसतात, केबल ट्रे जातात, आणि मग उरलेल्या जागेतून वाट काढत पाइप येतो. वरातीमागून घोडे. तोवर पंपाचे हेड ठरून गेलेले असते, नोझल कुठल्या दिशेला तोंड करून आहेत तेही ठरून गेलेले असते. पाइपिंग इंजिनिअरच्या हातात एखाद-दुसरा बेंड वाचवण्यापलीकडे काही उरत नाही. माझे म्हणणे साधे आहे आणि ते या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणात येईल: हा क्रम उलटा करा. आधी पाइपचा मार्ग आणि माप, मग पंप.

असे करून दाखवलेले आहे. १९९७ साली इंटरफेस या अमेरिकन कार्पेट कंपनीचा कारखाना शांघायमध्ये उभा राहत होता. तिथल्या एका पंपिंग लूपसाठी मूळ डिझाइनमध्ये एकूण ९५ अश्वशक्तीचे पंप धरले होते. यान स्खिलहाम या इंजिनिअरने ते डिझाइन पुन्हा हातात घेतले आणि दोन गोष्टी बदलल्या. पाइप मोठे घेतले, त्यामुळे पंप लहान झाले. शिवाय आधी पाइपचे मार्ग आखले आणि यंत्रे नंतर त्या मार्गांच्या सोयीने बसवली, त्यामुळे लाइन आखूड आणि सरळ झाली. ९५ अश्वशक्तीचे काम ७ अश्वशक्तीत होऊ लागले. यात नवा शोध कुठलाही नव्हता. पाइप, पंप, मोटर सगळे बाजारात मिळणारेच होते. एमरी लव्हिन्स आणि त्यांच्या सहलेखकांनी १९९९ च्या ‘नॅचरल कॅपिटॅलिझम’ या पुस्तकात ही हकीकत सांगितली आणि तेव्हापासून ऊर्जाबचतीच्या वर्गांत ती सांगितली जाते. प्लान्टचा लेआउट आखणाऱ्याच्या टेबलावर ती पोचली तर तिचा उपयोग. यंत्रांच्या जागा एकदा ठरल्या की ऊर्जाबचतीचा सल्लागार कितीही हुशार असला तरी त्याच्यासाठी फारसे काही शिल्लक राहत नाही.

पाइपचे माप इतका मोठा फरक कसा करते? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फ्रान्समधल्या दिजों शहराला नळाने पाणी देणारे हेन्री डार्सी आणि जर्मनीतले युलियस वाइसबाख यांच्या नावाने जे सूत्र आपण शिकतो, त्यातच उत्तर आहे. प्रवाह तोच ठेवला तर घर्षणात जाणारे हेड व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. परीक्षेत हे वाक्य लिहून गुण मिळतात, पण आकडे घालून पाहिल्याशिवाय त्याचा धक्का बसत नाही. ताशी १०० घनमीटर पाणी २०० मीटर लांबीच्या सरळ लाइनीतून न्यायचे आहे. ४ इंची पाइप घेतला तर पाण्याचा वेग सेकंदाला जवळजवळ साडेतीन मीटर होतो आणि केवळ घर्षणात साधारण २३ मीटर हेड जाते. ६ इंची घेतला तर वेग दीड मीटरच्या आसपास येतो आणि घर्षण उरते ३ मीटर. फरक २० मीटरचा. पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के आणि मोटरची ९० टक्के धरली तर या २० मीटरपायी सुमारे सव्वानऊ किलोवॅट सतत जळतात. वर्षाला ८,००० तास चालणाऱ्या प्लान्टमध्ये ते जवळजवळ ७५,००० युनिट झाले. युनिटला ८ रुपये धरा, म्हणजे वर्षाला सहा लाख. आता दुसरी बाजू. शेड्यूल ४० चा ६ इंची पाइप ४ इंचीपेक्षा मीटरमागे साधारण १२ किलोने जड असतो. २०० मीटरला अडीच टनांच्या आत पोलाद जास्त लागते. त्याला चालू भावाने गुणा, व्हॉल्व्ह, फ्लँज, वेल्डिंग आणि सपोर्टचा वाढीव खर्च मिळवा, आणि किती महिन्यांत पैसे वसूल होतात ते स्वतः काढा. हा हिशोब मी मुद्दामच अर्धा सोडला आहे, कारण ज्याने तो एकदा आपल्या हाताने केला तो पुन्हा कधी पंपाच्या फ्लँजचे माप बघून पाइपचे माप ठरवत नाही.

पंपाच्या फ्लँजवरून पाइप ठरवण्याची सवय मात्र फार खोल रुजलेली आहे. पंपाचे नोझल लहान असते ते पंप बनवणाऱ्याच्या सोयीने; आतल्या केसिंगच्या आकाराशी त्याचा संबंध आहे, आपल्या दोनशे मीटरच्या लाइनीशी नाही. लाइन तिच्या प्रवाहाप्रमाणे घ्यायची आणि पंपापाशी रिड्यूसर लावून नोझलच्या मापाला आणायची, एवढी साधी गोष्ट आहे. तरी डिस्चार्ज ३ इंची दिसला की ३ इंची पाइप पार टाकीपर्यंत नेलेला मी जागोजागी पाहिला आहे.

दुसरा रोग मार्जिनचा. प्रोसेसवाला सावधपणे प्रवाहात दहा टक्के वाढवतो. प्रोजेक्टवाला त्यावर दहा टक्के टाकतो, कारण उद्या प्लान्ट वाढला तर? पंप विकणारा आणखी दहा टक्के धरतो, कारण पंप कमी पडला तर त्याचे नाव जाईल. तिघांपैकी कुणीही चुकीचे वागलेले नसते, पण आकडा सव्वापटीच्या पुढे, १.३३ पट झालेला असतो. घर्षण प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून हेडचा हिशोब पावणेदोन पटीच्या वर जातो. मग मोटर पुढच्या मापाची. पंप चालू होतो तेव्हा लाइनीत तेवढा अडथळा नसतोच. पंप कर्व्हच्या उजव्या टोकाला धावतो, अँपिअर चढतात, मोटर ट्रिप होते. ऑपरेटर जातो आणि डिस्चार्जचा व्हॉल्व्ह मुरडून अँपिअर खाली आणतो. त्या क्षणी प्रश्न सुटतो आणि पुढची वीस वर्षे त्या व्हॉल्व्हमध्ये वीज जळत राहते.

कुठल्याही जुन्या प्लान्टमध्ये फिरताना माझी नजर आधी डिस्चार्ज व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर जाते. चाक फिरवले की स्पिंडल वर चढणारा गेट व्हॉल्व्ह असेल तर बाहेर किती आटे दिसतात त्यावरून तो किती उघडा आहे ते लगेच कळते. पूर्ण उघडल्यावर जिथे वीतभर स्पिंडल दिसायला हवा तिथे दोन-तीन बोटेच दिसतो. रंगाऱ्याने मागच्या शटडाउनला व्हॉल्व्हबरोबर त्या आट्यांवरही रंग मारलेला असतो आणि तो रंग कुठेही तडकलेला नसतो. म्हणजे तो रंग लागल्यापासून व्हॉल्व्हला कुणी हात लावलेला नाही. शेजारी प्रेशर गेज असलेच तर व्हॉल्व्हच्या आधी चार किलो आणि पुढे दोन किलो, असे काहीतरी दाखवते. जे दोन किलो मध्ये गेले ते पंपाने मेहनतीने चढवलेले आणि आपण फेकून दिलेले २० मीटर. गेट व्हॉल्व्ह प्रवाह कमी-जास्त करण्यासाठी बनवलेलाही नसतो. अर्धवट उघडा राहिला की त्याची गेट आणि सीट झिजत जाते आणि ज्या दिवशी तो खरोखर बंद व्हायला हवा त्या दिवशी होत नाही.

असा पंप वीज तर खातोच, शिवाय लवकर मरतो. सेंट्रिफ्युगल पंपाचा एक सर्वोत्तम कार्यक्षमतेचा बिंदू असतो; तिथे इम्पेलरवर चहूबाजूंनी येणारा दाब सारखा असतो. त्या बिंदूच्या बराच डावीकडे पंप चालवला की दाब एका बाजूने जास्त पडतो, शाफ्ट बारीकसा वाकत राहतो, पाणी इम्पेलरच्या डोळ्यापाशी उलटे फिरते. परिणाम दिसतो मेकॅनिकल सीलवर आणि बेअरिंगवर. सील गळते, नवे बसवतात, तेही काही महिन्यांत गळते. मग सीलची कंपनी बदलतात, मटेरियल बदलतात, फिटरला बोल लावतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ज्या पंपाचे सील वर्षात तीनदा बदलले जाते त्याचा कर्व्ह आणि त्याची लाइन कागदावर काढल्याशिवाय नवे सील मागवू नये, असा नियमच प्रत्येक मेंटेनन्स विभागाने करायला हवा.

मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी लावला की हे सगळे आपोआप मिटते, असा आता समज झाला आहे. व्हीएफडी हे उत्तम साधन आहे. पण त्याच्या माहितीपत्रकात वेग अर्धा केला की शक्ती एक-अष्टमांश होते असे जे लिहिलेले असते, ते सगळे हेड घर्षणाचे असेल तरच खरे. कूलिंग वॉटरच्या बंद लूपमध्ये ते बरेचसे लागू पडते. तळमजल्यावरून चाळीस मीटर उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला मात्र वेग थोडा उतरवला की पाणी टाकीपर्यंत पोचतच नाही. पंप फिरत राहतो, एनआरव्ही बंद राहतो आणि केसिंगमधले पाणी तापत जाते. स्थिर उंची किती आणि घर्षण किती, ही फोड आधी करावीच लागते. त्यासाठी पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे.

आता सक्शनकडे वळतो, कारण माझ्या मते पंपाची निम्म्याहून अधिक दुखणी तिथली असतात.

महाराष्ट्रातल्या बागायतदाराला सक्शनचे गणित पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की तो पंप खाली उतरवतो. कित्येक जुन्या विहिरींत त्यासाठी मध्येच कट्टा बांधलेला असतो. पाणी खालून वर घेण्याला मर्यादा आहे, पुढे ढकलण्याला तशी नाही, हे त्याला पक्के माहीत असते. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत १९२६ च्या सुमारास सेंट्रिफ्युगल पंप बनू लागले आणि पुढे ते खेडोपाडी गेले. फूट व्हॉल्व्ह, प्रायमिंग, पंपाने हवा धरली, हे बोलणे आपल्याकडे शेतावरच सुरू झाले. कारखान्यात तेच गणित एनपीएसएच या नावाने समोर येते आणि नावामुळेच परके वाटू लागते.

पंप पाणी ओढत नाही. वातावरणाचा दाब ते पंपात ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याच्या १०.३ मीटर उंचीएवढा असतो, पुण्याच्या उंचीवर ९.७ च्या आसपास. या पुंजीतून सगळा खर्च भागवायचा असतो. पंप पाण्याच्या वर असेल तर ती उंची वजा. सक्शन लाइनीतले घर्षण वजा. पाण्याचा वाफ होण्याचा दाब वजा. जे उरते ते पंपाला लागणाऱ्या एनपीएसएचपेक्षा जास्त असायला हवे, आणि थोडे नव्हे, चांगले मीटरभर तरी जास्त. ३० अंशाच्या पाण्याला वाफेच्या दाबापायी अर्धा मीटरही जात नाही. ८० अंशाच्या कंडेन्सेटला जवळजवळ पाच मीटर जातात, ९० अंशाला साडेसातच्या जवळ. म्हणून थंड पाण्यावर वर्षानुवर्षे नीट चाललेला पंप गरम पाण्यावर लावला की केसिंगमध्ये खडी फिरल्यासारखा आवाज करू लागतो. आत पाण्याची वाफ होते, बुडबुडे पुढे जास्त दाबात जाऊन फुटतात आणि इम्पेलरच्या पात्यांचे कण कण काढून नेतात. बॉयलर फीड पंपाच्या डोक्यावर इतक्या उंचीवर डीअरेटर का चढवून ठेवतात, याचेही उत्तर हेच. त्यातले पाणी उकळत्या स्थितीतच असते. तिथे वातावरणाची पुंजी शून्य, जे मिळायचे ते निव्वळ उंचीचे.

साखर कारखान्याइतका या विषयाचा चांगला वर्ग दुसरा नाही. १९५० नंतर प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखाने उभे राहत गेले आणि थंड पाणी, उकळता रस, घट्ट सिरप, चिकट मळी, वाफ आणि व्हॅक्यूम, सगळे एका छपराखाली ग्रामीण भागात आले. त्यातला सिरप पंप मी वाचकाला जवळून पाहायला सांगेन. इव्हॅपोरेटरची शेवटची बॉडी सुमारे ६५० मिलिमीटर व्हॅक्यूमवर असते आणि आतला सिरप साठ अंशांच्या आतबाहेर उकळत असतो. त्या बॉडीतून सिरप बाहेर काढणाऱ्या पंपाचा सक्शनही व्हॅक्यूममध्येच. इथे गळती झाली तर सिरप बाहेर पडत नाही. हवा आत जाते. फरशी कोरडी, फ्लँज स्वच्छ, सगळे ठीक दिसते, आणि पंप मध्येच सिरप टाकायचा थांबतो. नवखा माणूस पंप उघडून बसतो. जुना फिटर साबणाचा फेस करतो आणि सक्शनच्या एकेका फ्लँजवर, व्हॉल्व्हच्या ग्लँडवर लावत जातो. जिथे फेस बाहेर फुगण्याऐवजी बारीक भोक पडून आत ओढला जातो तिथे गॅस्केट गेलेले. म्हणून या पंपाला ग्लँडवर पाण्याचे सील देतात, आणि पंपाच्या सक्शनपासून वर बॉडीच्या वाफेच्या जागेपर्यंत एक बारीक इक्वलायझिंग लाइन नेतात. पंपात साठलेली हवा आणि वाफ तिच्यातून निघून जाते. ही लाइन ड्रॉइंगवर क्षुल्लक दिसते. खर्च कमी करायला बसलेल्या माणसाचे बोट आधी तिच्यावरच पडते. ती नसेल तर मात्र हंगामभर त्या पंपापाशी एक माणूस उभा करावा लागतो.

सक्शन लाइनीचे बाकीचे नियम थोडे आहेत आणि सगळे हवा आणि पाण्याच्या वळणांशी निगडित आहेत. पंपाकडे येताना लाइनीत कुठेही उंचवटा नको, तिथे हवा साठते. आडव्या लाइनीत रिड्यूसर एक्सेंट्रिक हवा आणि त्याची सपाट बाजू वर. कॉन्सेंट्रिक लावला की वरच्या बाजूला हवेचा कप्पा तयार होतो. पंपाच्या तोंडाशी बेंड नको, आधी निदान पाच व्यासांएवढा सरळ पाइप हवा. स्ट्रेनर लावलात तर त्याच्या दोन्ही बाजूंना गेज लावा, नाहीतर तो भरला हे कळणार कसे?

पाइपचे वजन पंपावर येता कामा नये, हे सगळे जाणतात, पाळणारे कमी. पंप ग्राउट झाला, अलाइनमेंट झाली, मग पाइपचा शेवटचा स्पूल येतो आणि फ्लँज बोटभर बाजूला पडतो. चेन ब्लॉक लावून तो ओढून जुळवतात आणि बोल्ट आवळतात. त्या क्षणापासून पाइप आपल्या जागी परत जायला जोर करतो आणि पंपाचे केसिंग तो जोर सोसते. याची परीक्षा अगदी सोपी आहे. कपलिंगवर डायल गेज लावा, फ्लँजचे बोल्ट एकेक करून सैल करा आणि काट्याकडे पाहा. काटा हलला तर लाइन पंपाला ओढते आहे. बोल्ट हाताने भोकांत सरकत नसतील तर गेजचीही गरज नाही. असा स्पूल कापून पुन्हा जुळवायला एक पाळी जाते. तेवढा वेळ कमिशनिंगच्या घाईत कुणी देत नाही, आणि पुढे कपलिंगचे रबर महिन्या-महिन्याला बदलत बसतात.

वाफेच्या लाइनीत हाच जोर तापमानातून येतो. १०० मीटर पोलादी लाइन ३० अंशांवरून १८० अंशांवर गेली की सुमारे १८ सेंटिमीटर लांब होते. तिला वाढायला जागा दिली नाही तर ती स्वतः जागा करून घेते: सपोर्ट उखडते, नाहीतर टर्बाइनच्या किंवा पंपाच्या नोझलवर रेटते. एक्स्पान्शन लूप कुठे द्यायचे, अँकर कुठे, गाइड कुठे, हे पुस्तकात आकृत्यांसह आले आहे. वॉटर हॅमरचेही तसेच. विमानविद्येतल्या कामासाठी प्रसिद्ध असलेले रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून १८९८ मध्ये त्याचे सूत्र मांडले. सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहणारे पाणी पोलादी पाइपात एकाएकी अडवले तर दाब वीस ते पंचवीस बारने उसळतो. दहा बारच्या लाइनीचे फ्लँज का फुटले, हा प्रश्न मग पडत नाही.

इथवर जे सांगितले ते विजेचे, पैशाचे आणि दुरुस्तीचे. पण पाइपिंगच्या चुकीची किंमत माणसांच्या जिवानेही मोजावी लागते, आणि त्याचे एक उदाहरण प्रत्येक पाइपिंग इंजिनिअरला तोंडपाठ असले पाहिजे. इंग्लंडमध्ये लिंकनशायरमधल्या फ्लिक्सबरो येथे नायप्रो कंपनीचा कारखाना होता. तिथे सायक्लोहेक्सेन एका ओळीतल्या सहा रिॲक्टरमधून वाहत असे, प्रत्येक रिॲक्टर आधीच्यापेक्षा थोडा खालच्या पातळीवर. तापमान १५५ अंश, दाब पावणेनऊ किलोच्या आसपास. मार्च १९७४ च्या अखेरीस पाचव्या रिॲक्टरला उभी चीर सापडली. उत्पादन थांबू नये म्हणून तो काढून चौथा आणि सहावा एकमेकांना जोडायचे ठरले. रिॲक्टरांची तोंडे २८ इंची होती, पण आवारात तेवढा पाइप नव्हता. २० इंची मिळाला. दोन्ही तोंडांच्या पातळीत फरक असल्याने पाइपाला दोन तिरके जोड देऊन वळवले, दोन्ही टोकांना बेलोज ठेवले आणि खाली मचाणाच्या नळ्यांचा आधार दिला. या पाइपाचे ड्रॉइंग एवढेच होते: वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली पूर्ण आकाराची आकृती.

बेलोज दाबाखाली लांबायला बघतो. २८ इंची तोंडावर त्या दाबाने येणारा जोर काढला तर तो साधारण पस्तीस टन भरतो. पाइप सरळ असता तर दोन टोकांचे जोर समोरासमोर येऊन एकमेकांना तोलले असते. वळवलेल्या पाइपात ते एका रेषेत नव्हते. ते पाइपाला फिरवू पाहत होते आणि बेलोजला आडवे ढकलत होते. हा हिशोब कुणी केला नाही. करायला हवा होता अशी जी जागा, वर्क्स इंजिनिअरची, ती त्या काळात रिकामी होती. दाबाची चाचणी झाली, पण रिलीफ व्हॉल्व्ह ज्या दाबाला उघडतो त्याच्या खाली. १ जून १९७४, शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास तो पाइप सुटला. बाहेर पडलेल्या सायक्लोहेक्सेनच्या ढगाने पेट घेतला आणि २८ माणसे मेली, त्यांतली १८ कंट्रोल रूममध्ये. कामाचा वार असता तर आकडा कितीतरी मोठा झाला असता. चौकशीच्या अहवालानंतर जगभरच्या रासायनिक कारखान्यांत हे तत्त्व रुजले की तात्पुरता बदलही मूळ डिझाइनच्याच कसोटीला उतरला पाहिजे आणि त्यावर जाणकाराची सही पाहिजे. तारापूर, लोटे, महाड, रोहा, कुरकुंभ इथे आज जो फिटर शटडाउनमध्ये तात्पुरती बायपास लाइन जोडतो आहे त्याच्यापर्यंत हे तत्त्व पोचले आहे का, हा प्रश्न मला सतत टोचत राहतो. हे पुस्तक मराठीत लिहिण्यामागचे सर्वांत मोठे कारण तेच आहे.

पुस्तकाविषयी थोडे. डिप्लोमा किंवा पदवी घेऊन नुकतेच प्लान्टवर आलेले इंजिनिअर, मेंटेनन्सचे सुपरवायझर आणि शिकण्याची हौस असलेले फिटर डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे. कारखान्यात जे शब्द चालतात तेच इथे आहेत. गणित दहावीच्या पलीकडे फारसे जात नाही. घर्षण गुणांकासाठी १९४४ चा मूडीचा आलेख वाचायला शिकवला आहे, कारण सॉफ्टवेअरने दिलेला आकडा बरोबर आहे का हे तपासायला तेवढा पुरतो. प्रोसेस पाइपिंगसाठी एएसएमई बी ३१.३, पेट्रोलियम आणि रासायनिक उद्योगातल्या पंपांसाठी एपीआय ६१०, वाफेच्या लाइनींसाठी भारतीय बॉयलर रेग्युलेशन्स, साध्या पाण्याच्या पाइपांसाठी आयएस १२३९, या सगळ्यांचा उल्लेख योग्य जागी आहे. कोड हा किमान मर्यादा सांगतो. त्याच्या आत राहूनही वाईट प्लान्ट उभा करता येतो, हे वाचकाने विसरू नये. पाइपच्या मार्गाचे प्रकरण पंपाच्या प्रकरणाआधी आले आहे. कॉलेजच्या पुस्तकांत क्रम उलटा असतो. मी तो जाणूनबुजून बदलला आहे.

वाचकाला एक विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्याआधी आपल्या कारखान्यातला एक पंप निवडा. टाकीच्या तळापासून पंपाच्या सक्शन फ्लँजपर्यंत चालत जा आणि वाटेतला प्रत्येक बेंड, व्हॉल्व्ह, रिड्यूसर, स्ट्रेनर कागदावर काढा. ऑफिसातल्या ड्रॉइंगवरून नव्हे, डोळ्यांनी पाहून. डिस्चार्ज व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते लिहा, सक्शन आणि डिस्चार्जचे गेज वाचा, गेज बंद असतील तर बदलून घ्या. मोटरचे अँपिअर टिपा. तो पंप चालवणाऱ्या ऑपरेटरला विचारा की पंप कधी आवाज करतो, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. तो कागद शेजारी ठेवूनच हे पुस्तक वाचा.